गार इंजिन

गाव म्हनाल तर आमचं मखमलाबाद. आता ते नाशकातच धरतात, पन माझ्या लहानपनी नाशिक म्हंजे नदीपल्याड, अन आम्ही मळ्यातली मानसं. शेवंती, झेंडू, मधल्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर, एवढीच आमची शेती. वडील उजाडायच्या आत टोपल्या घेऊन फूलबाजारात जायचे अन मागं आई, माझ्या दोन बहिनी अन मी ओट्यावर बसून माळा ओवायचो, पोरगं असून ओवतंय म्हनून लोकं हसायची, पन माझा हात लय चालायचा, बहिनींची एक माळ व्हईपर्यंत माझ्या दोन. तुम्ही म्हनाल इंजिनाचं इचारलं अन हा फुलांचं काय सांगत बसलाय, पन ते ओवनं पुढं येनार हाय, म्हनून सांगून ठेवलं. माझं नाव रंगनाथ, पेठ रोडला माझं गॅरेज हाय, अन मी भित्रा मानूस हाय, हे पन आधीच लिवून घ्या, कारन ते काढलं तर माझ्या गोष्टीत काही उरत नाय.

जल्मापासून भित्रा नव्हतो मी. भरल्या विहिरीत उडी मारायचो. शेती मोठ्या भावाकडं गेली अन मला मशीनचं वेड, म्हनून वडिलांनी नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात लावून दिलं. तिथले उस्ताद, त्यांना सगळे चाचा म्हनायचे, लय गुनी मानूस, गाडी दारात उभी राहिली की नुसतं ऐकून सांगायचे कोनता प्लग मेलाय. मला लागून दोन-तीन महिने झाले असतील, उन्हाळा व्हता, अन एक टॅक्सी आली, बॉनेटमधून वाफा निघत व्हत्या. चाचा नमाजाला निघालेले, जाताना म्हनले, हात मत लगाना, ठंडी होने दे. पन टॅक्सीवाल्याच्या सवाऱ्या त्र्यंबकला जायच्या व्हत्या, तो घाई करायला लागला, अरे पानी तर टाकायचं, त्याला काय उस्ताद लागतो का. मला पन वाटलं, आपन काय कमी हाय का. फडकं घेतलं अन रेडिएटरचं झाकन फिरवलं. पुढचं दिसलेलं मला आठवत नाय, ऐकलेलं आठवतं, फस्स करून आवाज आला अन मंग कोनीतरी ओरडत व्हतं, ते मीच व्हतो. हा बघा, हा उजवा हात, अन इथं मानेपर्यंत, कातडी अजून कशी गुळगुळीत लागती. सरकारी दवाखान्यात वीस दिवस व्हतो. आई उशाशी बसून फुंकर घालायची अन रडायची.

दुधानं तोंड पोळलं की मानूस ताक पन फुंकून पितो म्हनतात, माझं त्याच्यापुढं गेलं. घरात चुलीवर आधन ठेवलं की मी ओट्यावर जाऊन बसायचो. लग्न झालं तवा मंदानं, म्हंजे आमच्या मालकिनीनं, पहिल्या दिवशी आंघोळीला कढत पानी काढलं, तर मी आडावर जाऊन थंड्या पान्यानं आंघोळ करून आलो, तिला वाटलं मानूस रागावला. अन गाडी चालवायला बसलो की लोकं रस्ता बघतात, मी काटा बघायचो. गर्मीचा काटा असतो ना पुढं, खाली सी म्हंजे गार अन वर एच म्हंजे गरम, तो मधल्या रेघेजवळ आला की माझ्या मानेवरची ही कातडी वळवळायला लागायची, खरंच सांगतो, आग व्हायला लागायची. मंग मी गाडी बाजूला घ्यायचो. मला काटा खालीच पाहिजे. जेवढा खाली तेवढा मी सुखी.

आता ह्यात आमच्या धंद्याची एक रीत माझ्या लय कामी आली, अन तीच पुढं नरड्याशी आली. कसं असतं, इंजिनात पानी फिरतं अन ते रेडिएटरमधे जाऊन गार व्हतं, पन त्या वाटेवर एक छोटा पितळी वॉल बसवलेला असतो, चुन्याच्या डबीएवढा, थर्मोस्टॅट म्हनतात त्याला. इंजिन गार हाय तोवर तो दार लावून बसतो, पानी आतल्या आत फिरतं अन इंजिन लवकर गरम व्हतं, अन पुरतं गरम झालं की दार उघडतो अन पानी रेडिएटरकडं जाऊ देतो. हे मी आता सांगतोय हां, तवा मला एवढं पन माहीत नव्हतं. चाचांनी शिकवलं ते एवढंच, गाडी उकळली की पहिला हा निकाल के फेक दे, ये तो बर्फवाले मुलुक के लिए बनाया है, अपने यहाँ इसका क्या काम. अन चाचा एकटे नाय, द्वारका ते सातपूर कुठल्याबी गॅरेजात जा, हेच चालायचं, दोन बोल्ट खोला, वॉल काढा, बोल्ट आवळा, गाडी गार. गिऱ्हाईक खूश. कोनी इचारत नव्हतं अन कोनी सांगत पन नव्हतं. न्हाव्यानं केस कापले तर कापलेले केस कोन घरी मागतं का, तसं.

मंग पंच्याण्णवच्या सुमाराला मी पेठ रोडला माझं सोताचं पत्र्याचं शेड टाकलं. गाडी कशासाठी पन येऊ दे, उकळलेली असो नसो, मी वॉल काढायचोच. ट्रायल घेताना मला काटा चढलेला बघवायचा नाय, म्हनून. चाचांनी सांगितलं व्हतं फेक, पन पितळ फेकवंना, अन हाताला सवय, म्हनून मी ते बायंडिंगच्या तारेत ओवत गेलो. हीच ती ओवायची गोष्ट. शेडच्या दारावर खिळ्याला ती माळ टांगलेली असायची, येनारा इचारायचा, रंगनाथ, हे काय रे, तर मी म्हनायचो, तुमच्या गाड्यांचा ताप हाय, काढून टांगलाय. लोकं हसायची. मला पन लय भारी वाटायचं तवा.

आता डॉक्टरबाईंचं सांगतो. पंचवटीत त्यांचा बाळंतपनाचा दवाखाना, पन्नाशीच्या बाई, केस पांढरे, बोलनं कमी. मंदाची दोन बाळंतपनं वाया गेली व्हती, एक सहाव्या महिन्यात अन एक अगदी दिवस भरून. तिसऱ्या वेळेला आम्ही बाईंकडं गेलो. त्या वेळेला बाई दोन दिवस दवाखान्यातून हलल्या नायत, तिथंच बाकावर पडायच्या, अन पूजा झाली, आमची एकुलती एक, तवा मला हाक मारून म्हनल्या, रंगनाथ, ये, तुझी मुलगी बघ, पण आधी हात धू. मी हात धुवायला गेलो अन नळाखाली उभा राहून रडलो. तवापासून बाईंची गाडी माझ्याकडं. छोटी पांढरी पेट्रोलची गाडी, सोताच चालवायच्या, अन दर गुरुवारी सकाळी सहाला निघून पेठच्या पुढं एका गावात बायका तपासायला जायच्या, फुकट. वाटेत माझं शेड. जाताना शेड बंद असायचं, पन दुपारी तीनच्या सुमाराला परत येताना बाई दोनदा हॉर्न वाजवायच्या, अन मी कुठंबी असलो तरी हात वर करायचो.

त्या मे महिन्यात बाईंची गाडी रासेगावजवळ उकळली. मी जाऊन आनली. अन काय केलं, रेडिएटर बघितला नाय, पंखा बघितला नाय, दोन बोल्ट खोलले अन वॉल काढून तारेत ओवला. बाईंना म्हनलो, झाली गाडी, आता नाय तापनार. अन नाय तापली. उन्हाळाभर बाई माझं नाव घेत व्हत्या, अमक्याला सांग तमक्याला सांग, रंगनाथचा हात चांगला.

दिवाळी झाली, थंडी पडली. नाशकातली थंडी तुम्हाला माहीत हाय, निफाडकडं दव गोठतं. बाई आल्या अन म्हनल्या, रंगनाथ, काटा वर येतच नाही, पेट्रोल जास्त जातंय, आणि हीटर लावला तर गार वारा येतो. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं अन वरच्या पाइपाला हात लावला. आता वॉल जागेवर असला तर तो पाइप पहिली पाच-सात मिनिटं गार लागतो अन मंग एकदम चटका देतो. हा पहिल्यापासून कोमट. अन कोमटच राहिला. तेलाचं झाकन काढलं तर आतून पिवळट लोन्यासारखं साचलेलं, इंजिन गार राहिलं की आतली वाफ जात नाय, तेलात बसती. मला सगळं कळलं, कळायला काय उस्ताद लागतो का, मीच केलेलं. पन बाई बाजूला उभ्या व्हत्या, अन मी काय केलं, ते लोनं फडक्यानं पुसून घेतलं, त्यांना दिसायच्या आत, अन म्हनलो, बाई, थंडी हाय म्हनून व्हतं, अन काटा खराब हाय, बदलून देतो. आग रामेश्वरी अन बंब सोमेश्वरी. काट्याचा सेन्सर नवा टाकला, प्लग साफ केले, अन बाई गेल्या.

का नाय सांगितलं, असं तुम्ही इचारनार. मंदानं पन इचारलं व्हतं. दोन भीत्या व्हत्या, काय सांगू तुम्हाला. एक म्हंजे बाईंना कळलं की ह्यानं न इचारता काढलं, तर त्यांच्या नजरेतनं उतरलो असतो, अन त्या नजरेनं माझी पोरगी जगात आनलेली. अन दुसरी भीती जुनीच, वॉल परत बसवला अन तो आत अडकून बसला, दार उघडलंच नाय, तर गाडी उकळनार, बाई उतरून झाकनाला हात लावनार. ते चित्र माझ्या डोळ्यापुढं यायचं अन माझी मान जळायची. म्हनून मी गप.

मंग एकदा बाई सहज बोलता बोलता म्हनल्या, घाटात काच आतून धुरकट होते रे, एका हाताने नॅपकिन घेऊन पुसते आणि एका हाताने चालवते. अन हसल्या. मला हसू नाय आलं. सावळघाट तुम्ही बघितला असंल, पेठच्या वाटेला लागतो, वळनं काय, खाली दरी काय, अन पहाटं त्या रस्त्यानं गवताचे भारे घेऊन, हंडे घेऊन मानसं चालत असतात, अंगावर काळं घोंगडं, ते दिसत नायत. हीटर गरम असता तर त्याच्या वाऱ्यानं काच साफ झाली असती. हीटरला गरम पानी इंजिनाचंच लागतं. अन इंजिन मी गार करून ठेवलेलं. हा हिशेब माझ्या डोक्यात त्या दिवशी जुळला.

मी चाचांकडं गेलो. म्हातारे झाले व्हते, घरीच असायचे. म्हनले, अरे पागल, रेडिएटर के आगे पुठ्ठा लगा दे. रेडिएटरला गार वारा लागू नये म्हनून ट्रकवाले लावतात तसा पुठ्ठा मी बाईंच्या गाडीला बांधला. अन घरी आलो तर दुसरी भीती जागी, दुपारी ऊन पडलं, बाई गावात फिरल्या, पुठ्ठ्यानं गाडी उकळली तर. जेवन टाकून सायकलवर दवाखान्यात गेलो अन गाडीखाली घुसून पुठ्ठा काढायला लागलो, वॉचमननं चोर समजून माझे पाय धरून ओढलं. पुढच्या गुरुवारी बाई इचारतात, रंगनाथ, पुठ्ठा कुठे गेला, तर म्हनलो, पडला असंल.

गुरुवार आला की मला अन्न जात नव्हतं. सकाळी सहा वाजले की मी म्हनायचो, आता निघाल्या. सात, आता घाटात. मंदा चहा ठेवायची, मी घ्यायचो नाय. तीनला हॉर्न वाजला की शेडमधल्या टायरवर बसून दोन घोट पानी प्यायचो, तवा कुठं जीव भांड्यात पडायचा. अन एका गुरुवारी तीन वाजले, हॉर्न नाय. साडेतीन. चार. समोर एका जीपचं काम चालू व्हतं, मी एकच बोल्ट तीनदा आवळून परत खोलला, जीपवाला म्हनला, तुला बरं नाय का. साडेपाचला बाई आल्या. थांबल्या, उतरल्या अन पुढचा बंपर दाखवला, डावीकडून चेपलेला. सकाळी वळणावर दिसलंच नाही, कठड्याला घासली, त्यातच उशीर झाला, थोडक्यात निभावलं, म्हनल्या. मी त्या बंपरवर हात ठेवून उभा राहिलो. पलीकडं काय हाय ते मला माहीत व्हतं, कठड्याच्या पलीकडं काही नाय, झाडांचे शेंडे हायेत. मी म्हनलो, बाई, पुढच्या गुरुवारी मी तुमच्यासंगं येतो, काय व्हतंय ते बघतो. तरी तोंडातून खरं निघंना, बघा.

त्या सकाळी मी शेडपाशी उभा राहिलो, बाईंनी मला शेजारी बसवलं. काटा सीला चिकटलेला. रासेगाव गेलं, पुढची गावं गेली, काटा हलला नाय. घाट लागला तसं काचेवर खालून धुरकट चढायला लागलं, आम्ही दोघं श्वास घेत व्हतो त्याचंच ते पानी. बाईंनी हीटर लावला, पायावर गार वारा आला. त्या नॅपकिननं पुसायच्या, ताटाएवढी जागा साफ व्हायची अन मी दहा मोजायच्या आत परत पांढरी. मी माझ्या बाजूनं बाहीनं पुसत व्हतो. बाई म्हनल्या, अरे, इतकं घाबरायला काय झालं, रोजचंच आहे. अन तिसऱ्या का चौथ्या वळनावर मी पुसलं अन काचेत एकदम गवताचा भारा दिसला. भारा अन खाली दोन पाय. मी ओरडलो. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी घसरली, आडवी झाली अन थांबली. भारा गाडीच्या नाकापासून वीतभर.

म्हातारी व्हती. भारा टाकून तिथंच रस्त्यात बसली. बाई उतरून पळत गेल्या, नाडी धरली, डोळे बघितले. म्हातारीला लागलं नव्हतं, नुसती थरथरत व्हती, अन बाईंकडं बघून एवढंच म्हनली, मी दिसली नाय का गं बाई तुला. रागानं नाय, खरंच इचारत व्हती. बाई म्हनल्या, नाही दिसलीस आजी, चुकलं माझं. अन तेवढं ऐकलं अन माझ्याच्यानं राहवलं नाय. बाई माझं पाप आपल्या डोक्यावर घेत व्हत्या. मी तिथं, रस्त्यात, म्हातारीच्या देखत सांगितलं, बाई, तुमचं काय नाय चुकलं, मी तुमच्या गाडीचा वॉल काढलाय, मे महिन्यात, काटा खराब नव्हता, मी खोटं बोललो.

बाईंनी म्हातारीला भारा उचलून दिला, ती वळनाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. मंग माझ्याकडं वळल्या. रंगनाथ, म्हनल्या, आम्ही माणसाच्या पोटातून काही काढायचं असलं तर आधी सांगतो, घरच्यांची सही घेतो, आणि काढल्यावर ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतो, हे बघा, हे काढलं. तू माझ्या गाडीतून काढलंस, सात महिने लपवलंस आणि वर मला सांगतोयस की थंडी आहे. आवाज चढवला नाय त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं. पुढचा घाट दोन्ही काचा खाली करून चढलो, वाऱ्यानं डोळ्यातून पानी येत व्हतं, ते वाऱ्याचंच व्हतं असं मी म्हननार नाय.

दुपारी परत येताना ऊन व्हतं, काच साफ व्हती. बाईंनी एकदाच तोंड उघडलं. असे अजून किती गाड्यांमधून काढलेस. मी म्हनलो, मोजले नाय बाई. त्या म्हनल्या, मोज. अन शेडपाशी मला उतरवून गेल्या, हॉर्न वाजवला नाय.

मी मोजले. एकेचाळीस. माळ ओवताना कधी मोजली नव्हती.

त्यातला बाईंचा कोनता, हे पन मला सांगता येईना, सगळे सारखेच. म्हनून नवा आनायला गेलो तर स्पेअरपार्टचा दुकानदार हसला, बसवायला पाहिजे का, म्हनला, आमच्याकडं लोकं काढलेलेच आनतात, नवा कोनी मागत नाय. त्यानं सांगितलं, बसवायच्या आधी पातेल्यात उकळून बघ, उघडतो का. झालं. उकळतं पानी. घरी मंदानं स्टोव्हवर पातेलं ठेवलं, दोऱ्यानं वॉल बांधला, अन मी दाराबाहेर उभा. ती म्हनली, अहो, या ना, बघा तरी. पाय उचलंना. मंग तिनंच दोरा धरला, वॉल पान्यात सोडला, अन पूजा तिच्या कडेवर, तिला दूर धरून. मंदा सांगत व्हती, अजून नाय, अजून नाय, बुडबुडे आले, अजून नाय, अन मंग म्हनली, अहो, उघडला. मी आत गेलो. हातभर लांबून डोकावलो. त्या पान्यात मधली चकती सावकाश वर सरकलेली, खाली फट पडलेली. मंदानं दोरा वर काढला, वॉल गार व्हायला लागला अन चकती आपली आपन मिटली. परत सोडला, परत उघडली. कोनी हात लावलेला नाय. एवढे मी काढले, काढून माळ केली, अन एकाला पन काम करताना बघितलं नव्हतं. ज्याला मी भीत व्हतो तो बिचारा माझंच काम करत व्हता, जास्त तापलं की वाट मोकळी करायचं. मी मंदाला म्हनलो, हे पातेलं आता चहाला घेऊ नको, अन मला रडायला आलं, ती म्हनली, बसा, मी दुसऱ्यात करते.

अन गाडी मुळात उकळली कशानं, ते पन तवा बघितलं. रेडिएटर खोलला तर आत पांढरं क्षार, निम्म्या नळ्या बंद. बोरिंगचं पानी मीच भरत आलो व्हतो. रोग तिथं व्हता अन मी काढलं भलतंच. नळ्या साफ केल्या, बोरिंगच्या पान्याऐवजी कूलंट भरलं, वॉल बसवला, अन गाडी द्यायला गेलो तवा बाईंना पातेल्याचं पन सांगितलं.

पहिल्या गुरुवारी परत बाईंसंगं गेलो. मीच म्हनलो, येऊ का, त्या म्हनल्या, ये. रासेगाव यायच्या आतच काटा हलला. सी सोडला अन चढायला लागला, अन तुम्हाला खोटं नाय सांगत, माझी मान पेटली, हात दाराच्या कडीवर गेला, मी म्हनलो, बाई, थांबवा, उकळनार. बाई थांबल्या नायत. म्हनल्या, तू पातेल्यात बघितलंस ना. बघितलं. मग बस. काटा मधल्या रेघेपाशी आला, मी डोळे मिटले. उघडले तर तिथंच. वर नाय, खाली नाय. घाट लागला, काच धुरकटली, बाईंनी हीटर लावला अन माझ्या पायावर ऊब आली. काचेवर खालच्या कडेनं दोन बोटं जागा साफ झाली, मंग वीतभर, मंग वर सरकत सरकत सगळी. नॅपकिन बाईंच्या मांडीवर तसाच व्हता. पुढं रस्ता दिसत व्हता, कठडा दिसत व्हता, कडेनं हंडा घेतलेली एक बाई चालली व्हती, ती पार लांबून दिसली. डॉक्टरबाईंनी हॉर्न वाजवला, तिनं बाजूला व्हऊन हात केला. त्या दिवशी दुपारी मला उतरवून गेल्या तवा पन हॉर्न दोनदा वाजला.

मंग मी एकेक गाडी शोधत फिरलो. सगळ्यांना खरं सांगितलं. काही लय बोलले, सिन्नरच्या एका जीपवाल्यानं तर चार लोकांत माझी लाज काढली, एक म्हनला, राहू दे रे, बरं चाललंय, कशाला ताप परत घालतो. त्याच्या हातापाया पडलो, म्हनलो, फुकट बसवतो. गिऱ्हाइकं तुटली, दोन वर्सं गॅरेज कसंबसं चाललं. गाडी सापडली, नवा वॉल बसवला की माळेतला एक जुना काढून टाकायचो. चाचांना सांगितलं तर म्हनले, हमने तो जो सीखा वही सिखाया बेटा. दुसऱ्या वर्सी ते गेले.

आता गाड्या कंप्यूटरच्या आल्यात, वॉल काढला तर दिवाच लागतो, कोनी काढत नाय. बाई थकल्या, गाडी चालवत नायत. पूजा तेरा वर्सांची झाली. थंडीत माझ्या गाडीत बसली की काचेवर श्वास सोडती अन बोटानं आपलं नाव लिवती, पोरीच त्या, पन मी लगेच पुसतो, जोरात, ती फुगून बसती, तिला वाटतं पप्पा खडूस हाय. मोठी झाली की सांगीन. अन उकळत्या पान्याची भीती गेली का म्हनाल, तर नाय गेली, अजून रेडिएटरचं झाकन उघडायच्या आधी मंदाचं नाव घेतो.

ती बघा, दारावर, तार अजून हाय. नऊ राहिलेत. एक जीप येवल्याकडं विकली गेली, एक मालेगावला, दोन गुजरातेत गेल्याचं ऐकलं, बाकीच्या पाचांचं काहीच कळलं नाय, हायेत का भंगारात गेल्या. थंडी पडली की सकाळी शेड उघडताना मी त्या नवांना हात लावतो. देवाचं मला फार येत नाय, पन तेवढं म्हनतो. जिथं कुठं असतील तिथं, घाटात असतील, धुक्यात असतील, चालवनारा कोन असंल त्याला, काचेपुढं चालनारं मानूस वेळेवर दिसू दे.